कॉम्प्युटर ओलीस धरले जातात तेव्हा : रॅन्समवेअरच्या हल्ल्यांतून संस्थांनी काय शिकावं?

२१ जून २०२२. गोव्यात पावसाळा नुकता लागला होता. त्या मध्यरात्रीनंतर पणजीतल्या डेटा सेंटरमधला जलस्रोत खात्याचा सर्व्हर कोणीतरी दुरूनच ताब्यात घेतला. नद्यांवर १५ ठिकाणी बसवलेली यंत्रं पाण्याच्या पातळीची आणि पावसाची मोजणी चोवीस तास या सर्व्हरकडे पाठवत असत. पूर येतोय का, हे त्यावरून कळायचं. हल्ल्यानंतर फायलींच्या नावांना ‘ईकिंग’ असं शेपूट लागलं, एकही फाइल उघडेना, आणि सोडवून हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा, अशी मागणी आली. सर्व्हरवर अँटिव्हायरस नव्हता आणि बाहेरची घुसखोरी अडवणारी फायरवॉल जुनी झाली होती, हे खात्याच्याच तक्रारीतून पुढे आलं.

वाळवंटी नदी फुगली की दुकानातला माल माळ्यावर चढवायची साखळी गावच्या बाजारातल्या लोकांना सवय आहे. ऐन पावसाळ्यात पूर मोजणारी यंत्रणा आंधळी होणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको. तरीही अशी बातमी आली की ‘कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी’ म्हणून आपण पान उलटतो.

हा विषय कॉम्प्युटरवाल्यांवर सोपवून चालणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. जगभरातल्या मोठ्या हल्ल्यांनंतर जे चौकशी अहवाल आले, ज्या जबान्या झाल्या, त्या वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्रं नसताना काम कसं चालवायचं आणि कोऱ्या यंत्रांवर सगळं परत कसं उभं करायचं, याचा विचार ज्यांनी आधी केला होता, ते सावरले. ज्यांनी केला नव्हता, त्यांचे महिने गेले. हा विचार अध्यक्ष, चिटणीस, मुख्याध्यापक, मॅनेजर यांनी करायचा असतो. सर्व्हरची देखभाल करणारा मुलगा तो करू शकत नाही, कारण संस्थेचं कोणतं काम एक दिवसही थांबून चालणार नाही, हे ठरवणं त्याच्या हातात नसतं.

नेमकं होतं काय?

रॅन्समवेअर म्हणजे खंडणी उकळण्यासाठी फायली बंद करणारं सॉफ्टवेअर. ते फायली पुसत नाही. फाइलमधला मजकूर गणिताने असा उलटापालटा करतं, की एका लांबलचक गुप्त आकड्याशिवाय तो पुन्हा वाचता येत नाही. या प्रक्रियेला एन्क्रिप्शन म्हणतात आणि त्या गुप्त आकड्याला किल्ली. आपलं बँकेचं अॅप आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं याच गणिताने सुरक्षित राहतं. त्यामुळे ‘ओळखीतला एक हुशार मुलगा फोडून देईल’ या आशेवर राहू नये. काही टोळ्यांच्या किल्ल्या पोलिसांच्या आणि तज्ज्ञांच्या हाती लागल्या आहेत. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात. तिथे जरूर बघावं, पण भिस्त ठेवू नये.

आत शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मेलसोबत आलेली फाइल, घरून काम करता यावं म्हणून उघडी ठेवलेली सोय आणि तिचा सोपा पासवर्ड, किंवा अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याची वाट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेला होता.

ज्या दिवशी फायली बंद पडतात, त्याच दिवशी हल्ला झाला असं आपण समजतो. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं उदाहरण बघा. तिथे एका कर्मचाऱ्याने मेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली ती १८ मार्च २०२१ रोजी, आणि देशभरातल्या इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पडले १४ मे रोजी. मधले आठ आठवडे हल्लेखोर आतच वावरत होते. अँटिव्हायरसने इशारे दिले होते, पण त्यांचा नीट पाठपुरावा झाला नाही. या काळात टोळी मोठ्या अधिकाराचे पासवर्ड शोधते, बॅकअप कुठे आहे ते बघते आणि कामाची माहिती बाहेर नेते. शेवटी फायली बंद करते. म्हणून आता खंडणी दोन गोष्टींसाठी मागितली जाते : फायली सोडवायच्या असतील तर पैसे द्या, आणि चोरलेली माहिती जगजाहीर व्हायला नको असेल तरीही द्या.

बांध फुटला तरी मेरा शाबूत हव्यात

खाजन शेती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पुढची गोष्ट पटकन समजेल. मांडवी-झुआरीच्या काठची खाजनं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असतात. बाहेरचा मोठा बांध खारं पाणी अडवतो आणि मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, दारं भरतीला मिटून ओहोटीला उघडतात. पण बांधात खेकडे बिळं करतात, डागडुजी राहून जाते आणि एखाद्या मोठ्या भरतीला भगदाड पडतं. तेव्हा किती शेतं बुडणार, हे आतल्या मेरांवर, म्हणजे शेताशेतांमधल्या छोट्या बांधांवर ठरतं. मेरा धड असतील तर चारदोन शेतं जातात. त्या मोडून टाकल्या असतील तर अख्खं खाजन खारं होतं, आणि ते मीठ उतरायला पुढचे पावसाळे जावे लागतात.

संस्थेचं नेटवर्क असंच असतं. फायरवॉल म्हणजे बाहेरचा बांध. त्यावर आपण खर्च करतो, पण आत रिसेप्शनचा कॉम्प्युटर, लेखा विभाग, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय आणि मुख्य सर्व्हर हे सगळं एकमेकांना मोकळं जोडून ठेवतो. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बंद झाली. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हेच कारण सरकारने संसदेत दिलं. त्याच एम्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. ई-हॉस्पिटलची सगळी माहिती परत मिळाली, कारण तिचा एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यापासून बाजूला राहिला होता. देशातलं इतकं मोठं सरकारी इस्पितळ दोनेक आठवडे वह्या आणि चिठ्ठ्यांवर चाललं, पण रुग्णांची कागदपत्रं कायमची गेली नाहीत.

‘आमच्याकडे बॅकअप आहे की!’

हे उत्तर सगळीकडे मिळतं, आणि माझी खरी काळजी इथेच सुरू होते.

फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी पाहिलेला बॅकअप सांगतो. कॅश काउंटरच्या मागे जिन्याखाली छोटी खोली. तिच्यात टेबलावर सर्व्हर, आणि त्याच्या डोक्यावर सेलोटेपने पक्की चिकटवलेली एक काळी हार्ड डिस्क. टेपवर मार्करने लिहिलेलं : ‘बॅकअप. काढू नये.’ पूर्वी कोणीतरी डिस्क लावायला विसरायचं, म्हणून ही व्यवस्था. हेतू चांगला होता. पण सर्व्हरला जी डिस्क दिसते, ती रॅन्समवेअरलाही दिसते, आणि टोळ्या आधी बॅकअपच शोधतात. सर्व्हरबरोबर ती डिस्कही बंद होणार. जिन्याखाली पाणी शिरलं किंवा आग लागली तरी दोन्ही एकदमच जाणार.

जाणकारांचा जुना नियम आहे तीन-दोन-एकचा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आजच्या काळात त्यात एक अट घालावी लागते : निदान एक प्रत कशालाही जोडलेली नसावी. लहान संस्थेला यासाठी लाखभर रुपये लागत नाहीत. दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक चालू असताना दुसरी लॉकरमध्ये ठेवा. तिला पासवर्ड घाला, कारण तिच्यात सभासदांची सगळी माहिती आहे. डिस्क कोणी नेली आणि कधी आणली, याची नोंद वहीत करा.

‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ असं म्हणणाऱ्यांनीही एक तपासावं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळवून घेत असेल, तर बंद पडलेल्या फायलीही तितक्याच तत्परतेने वर जातात. फाइलच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवल्या जातात, हे सेवा देणाऱ्याला आजच विचारून ठेवा.

याच्याही पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बॅकअप आहे, पण तो भरणार कुठे? ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये हल्ला झाला. त्यांच्या डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या. पण हल्लेखोरांनी सर्व्हर निकामी केले होते आणि अनेक जुनी सॉफ्टवेअरं नव्या यंत्रांवर चालेनात. धान्य घरात असून चूल नव्हती. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने आपल्या चुकांसकट सविस्तर अहवाल जाहीर केला. ज्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे आणि ते बसवून देणाऱ्याचा फोन आता लागत नाही, त्यांनी या अनुभवाकडे लक्ष द्यावं.

मर्स्क या जहाज कंपनीची गोष्ट वेगळी. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने तिचं जगभरचं जाळं पाडलं आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीकडे माहितीचे बॅकअप होते. पण कोणाला कुठे लॉगिन करता येईल याची मुख्य यादी ज्या सर्व्हरवर असते, त्याची वेगळी प्रत नव्हती. असे अनेक सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत असत आणि ते सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका यंत्राच्या आधारावर कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर पुन्हा उभे केले.

म्हणून बॅकअप ‘घेतला’ एवढ्यावर समाधान मानू नका. वर्षातून निदान एकदा तो कोऱ्या कॉम्प्युटरवर भरून दाखवायला सांगा, आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. संचालक मंडळाच्या बैठकीत हा तासांचा आकडा इतिवृत्तात गेला पाहिजे.

‘पैसे देऊन मोकळं झालेलं बरं नाही का?’

हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. मागणी दोन लाखांची आणि दिवसाचं नुकसान तीन लाखांचं असेल, तर हिशेब सोपा वाटतो. पण किल्ली मिळाली म्हणजे काम सुरू झालं, असं होत नाही. आयर्लंडच्या आरोग्यसेवेला हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी टोळीने किल्ली चक्क फुकट दिली. सरकारने एक पैसाही दिला नव्हता. तरीही शेवटचा सर्व्हर सुटायला सप्टेंबर उजाडला. चार महिने! किल्ली हातात असूनही प्रत्येक यंत्र तपासणं, पुसणं आणि भरणं चुकलं नाही.

अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने मे २०२१ मध्ये सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. टोळीने दिलेलं फायली सोडवणारं सॉफ्टवेअर इतकं संथ निघालं, की कंपनीला आपल्याच बॅकअपचा आधार घ्यावा लागला. (त्यातली बरीच रक्कम पुढे एफबीआयने परत मिळवली, पण असं क्वचित घडतं.) २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले, आणि त्यानंतर चोरलेली माहिती अजून आपल्याकडे असल्याचं सांगत दुसरी टोळी दारात उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी आत शिरण्याची वाट सारखीच होती : बाहेरून लॉगिन करण्याची सोय, जिला फक्त पासवर्ड पुरत होता. पासवर्डनंतर मोबाइलवरचा ओटीपी किंवा तसा दुसरा पुरावा मागितला असता, तर ती वाट बंद झाली असती. ही सोय बहुतेक सेवांमध्ये फुकट असते.

माझं मत स्पष्ट आहे : पैसे देऊ नयेत. दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या इस्पितळावरच्या हल्ल्याचं भांडवल होतो. मात्र रुग्ण ऑपरेशन टेबलावर असताना कोणा अधिकाऱ्याने वेगळा निर्णय घेतला, तर त्याला दोष द्यायला मी जाणार नाही. त्याच्यावर ती वेळ येऊ नये, यासाठीच हा सगळा खटाटोप.

पहिला तास

पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली की बहुतेक जण यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. तसं करू नका. आधी नेटवर्कची केबल काढा आणि वायफाय बंद करा, म्हणजे लागण पुढे जाणार नाही. यंत्र शक्यतो चालू राहू द्या, कारण त्याच्या मेमरीत तपासाला उपयोगी पुरावे असतात. पडद्याचा फोटो काढा. बॅकअपची डिस्क ‘वाचते का बघू’ म्हणून लावायचा मोह आवरा.

केबल काढण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मात्र आधी ठरलेलं असलं पाहिजे. रात्री दोन वाजता रखवालदाराला किंवा ड्युटीवरच्या परिचारिकेला ‘साहेबांना विचारल्याशिवाय कसं काढू?’ असं वाटता कामा नये. हल्लेखोर मुद्दाम अशीच वेळ निवडतात. वॉनाक्राय, कलोनियल आणि आयर्लंड हे तिन्ही हल्ले शुक्रवारचे, आणि ब्रिटिश लायब्ररीवरचा शनिवारचा. आपल्याकडे चवथीला सगळे गावाकडे असतात, नाताळात आणि कार्निव्हलला निम्मं ऑफिस रजेवर. त्या दिवसांत कोणाला फोन करायचा, त्याची यादी कागदावर छापून भिंतीला लावा. ती कॉम्प्युटरमध्ये असून उपयोग नाही.

सांगायचं की झाकायचं?

‘बातमी फुटली तर ठेवीदार रांग लावतील’ ही भीती खोटी नाही. तरी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीने काय केलं ते बघा. १९ मार्च २०१९ रोजी ४० देशांतलं तिचं काम विस्कळीत झालं. कंपनीने त्याच दिवशी पत्रकार परिषद घेतली. संकेतस्थळ बंद होतं, म्हणून फेसबुकवरून माहिती दिली. कार्यालयांच्या दारांवर कागद चिकटवले : सायबर हल्ला झाला आहे, कोणतंही यंत्र नेटवर्कला जोडू नका. खंडणी दिली नाही. कारखाने हाताने चालवले, आणि काही ठिकाणी जुनी पद्धत माहीत असलेले निवृत्त कामगार मदतीला आले. नुकसान कोट्यवधींचं झालं, पण लोकांचा विश्वास टिकला. आजही संकट कसं हाताळावं, हे सांगताना तिचं नाव घेतलं जातं.

आणि झाकण्याची मुभा कायदाही देत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. गोवा पोलिसांच्या सायबर क्राइम पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ज्यांची माहिती फुटली त्यांना कळवण्याचं बंधन आहे, आणि सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘आम्ही लहान, आमच्याकडे कोण बघतंय?’

बघायची गरजच नसते. टोळ्या सॉफ्टवेअर लावून उघडी दारं शोधतात, दारावरची पाटी नंतर वाचतात. शिवाय हल्ला तुमच्यावर न होताही तुमचं काम बंद पडू शकतं. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. हल्ला त्यांच्यावर नव्हता, त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेला झळ बसली होती. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ती यंत्रणा तोडली आणि दुसऱ्या दिवशी तपासून पुन्हा जोडली. तोडण्याचा निर्णय झटपट झाला, म्हणून नुकसान आवरलं. आपलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीशी वार्षिक करार करताना तिच्याकडचा बॅकअप कुठे असतो, आपल्या सर्व्हरवर कोण कोण लॉगिन करतं आणि हल्ला झाल्यास किती तासांत आपल्याला कळवणार, हे लिहून घ्या.

सर्व्हरशिवाय एक दिवस

शेवटी रंगीत तालमीबद्दल. पावसाळ्यातला एखादा कमी गर्दीचा मंगळवार ठरवा आणि दुपारपर्यंत सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून काम करा. पतसंस्थेत पहिला ग्राहक पैसे काढायला आला की लगेच प्रश्न पडेल : याच्या खात्यात शिल्लक किती? म्हणजे रोज संध्याकाळी शिलकेची यादी छापून तिजोरीत ठेवायला हवी. पासबुक बघून किती रकमेपर्यंत द्यायचे आणि व्हाउचरवर कोणाच्या दोन सह्या घ्यायच्या, हे ठरवायला हवं. पिग्मी एजंट म्हापशाच्या बाजारातून पैसे गोळा करून येईल, त्याचं मशीन सर्व्हरशी बोलणार नाही. त्याला छापील पावती पुस्तक द्यावं लागेल. इस्पितळात रक्ताचा अहवाल वॉर्डपर्यंत कोण नेणार, हॉटेलमध्ये कोणत्या खोलीत कोण उतरलंय हे कसं कळणार, शाळेत दाखल्यावर कोणता क्रमांक घालणार, हेही असंच त्या सकाळी उघडं पडेल.

आणि एक कारकुनी बारकावा, जो ऐनवेळी सगळ्यांना छळतो. सर्व्हर परत आल्यावर या हातच्या नोंदी त्यात चढवाव्या लागतात. पावत्यांना नेहमीचीच क्रममालिका दिली असेल, तर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात आणि हिशेब जुळत नाही. त्यासाठी वेगळ्या अक्षराने सुरू होणारी पावती पुस्तकं आधीच छापून घ्या, ती कोणाच्या कपाटात आहेत हे दोघांना तरी ठाऊक असू द्या, आणि नोंदी चढवताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं, अशी जोडी आत्ताच लावून ठेवा.